अर्धा प्रयोग

चुन्याच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले तेव्हा प्रयोगशाळेत एक तराजू, एक ओव्हन, अकरा बीकर आणि एक पंखा होता. पंखा कधी लावायचा नाही, कारण लावला की सगळीकडे भुकटी उडते, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. मग तो बसवला कशाला, असं मी विचारलं. "पाहणीला येतात तेव्हा दिसायला हवा ना," असं उत्तर मिळालं.

नोकरी मामाच्या शब्दावर मिळाली होती. मामा तिथे एकोणीस वर्षं हायड्रेटरवर होता. भट्टीतून भाजून निघालेला कळीचा चुना वरच्या घसरणीतून हायड्रेटरमध्ये पडतो, त्यावर मोजून पाणी सोडतात आणि दुसऱ्या टोकाने कोरडी, मऊ भुकटी बाहेर येते. पाणी जास्त झालं तर आत चिखल होतो. कमी पडलं तर पोत्यात भरल्यावर चुना आपल्याआपण तापत राहतो. मामा हे पाणी यंत्राच्या आवाजावरून ठरवायचा. त्याने कानाने सांगितलेला आकडा आणि माझ्या मीटरवरचा आकडा मी दीड महिना शेजारी शेजारी लिहिले. फरक कधीच पाच टक्क्यांच्या वर गेला नाही.

"म्हणजे पास झालो की नाही?" मामाने विचारलं.

"तुझ्यापेक्षा मीटरच जास्त चुकतो," मी म्हटलं. हे तो नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला.

माझ्या तिसऱ्या महिन्यात एका ट्रकची ताडपत्री फाटली, कळीच्या चुन्याची पोती भिजली आणि वाटेत ट्रक पेटला. ड्रायव्हर उडी मारून वाचला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "फलक लावायचेत. सोप्या भाषेत लिहा. रसायनशास्त्र नको, धाक हवा."

मी लिहिलं: 'साठवलेल्या कळीच्या चुन्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका.' रंगारी म्हणाला, फळी तीन फुटांची आहे, एवढं मावत नाही, अक्षर बारीक करावं लागेल. अक्षर बारीक केलं तर लांबून वाचता येणार नव्हतं. म्हणून मी 'साठवलेल्या' हा शब्द काढला. माझ्याच पेनाने, एका रेघेत. असे नऊ फलक झाले.

साहेबांनी प्रात्यक्षिकही ठेवायला सांगितलं. पाळी बदलताना पोती भरायच्या शेडमध्ये तीसेक माणसं जमली. मी बीकरमध्ये पन्नास ग्रॅमचा एक खडा ठेवला आणि त्यावर थोडंसं पाणी टाकलं. पहिले काही सेकंद काहीच होत नाही. खड्यातल्या छिद्रांत पाणी शिरायला वेळ लागतो.

"झोपलाय वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"बाई, त्याला हाक मारून बघा."

मग खडा तडकला. फस्स करून वाफ निघाली, ढेकळं फुगून बीकरच्या काठावर आली. थर्मामीटर शंभरच्या पुढे जाऊन एकशे बारावर थांबला. पुढच्या रांगेत लंबू उभा होता. मामाचा जोडीदार, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. तो दचकून मागे सरला तो थेट कोणाच्या तरी पायावर, आणि शेडभर हशा झाला.

"एवढासा खडा आणि एवढी आग!" लंबू म्हणाला. "आपण तर ह्याच्या ढिगावर बसून डबा खातो."

माझ्या प्रयोगाचा दुसरा भाग पायाशी तयार होता. पंधरा लिटर पाण्याची बादली. तसाच पन्नास ग्रॅमचा खडा त्यात टाकायचा आणि दाखवायचं की काहीही होत नाही. थोडं पाणी उष्णता तयार करतं, भरपूर पाणी तीच उष्णता वाहून नेतं. म्हणून पोत्याला पाणी नको, पण अंगावर किंवा डोळ्यात चुना गेला तर कोरडा झटकून लगेच भरपूर पाणी, अर्धा तास, धार न थांबवता. हे सांगायला मला चार मिनिटं लागली असती. तेवढ्यात भोंगा झाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "समजलं ना सगळ्यांना? चुना आणि पाणी, लांब लांब. चला, मशीन थांबलंय."

"सर, अजून एक भाग राहिलाय."

"पुढच्या वेळी."

झाडूवाल्याने बादली उचलून नेली. पुढची वेळ कोणी ठरवली नाही, मीही नाही. मला वाटलं, महत्त्वाचं ते झालं.

प्रात्यक्षिक चांगलंच गाजलं. नव्या माणसाला लंबू ते हातवारे करून सांगायचा. त्याच्या सांगण्यात बीकरची कढई झाली आणि एकशे बाराचे पाचशे झाले. साहेबांनी तर हायड्रेटरजवळच्या नळाची मूठच काढून घेतली. सांडलेलं पाणी पोत्यांपर्यंत जातं म्हणून. ते मला माहीत नव्हतं. माझ्या कामाची जागा भिंतीपलीकडे होती आणि मी तिथून आकडे पाहत होते.

मग एके दिवशी सकाळी वरची घसरण तुंबली. मामा नेहमीप्रमाणे लोखंडी सळई घेऊन वर गेला. डोळ्यांत चुना जाऊ नये म्हणून कारखान्याने दिलेला चष्मा गळ्यात लटकत होता. चुन्याची भुकटी पुसून पुसून त्या काचा घासल्या जातात, दोन महिन्यांत दुधाळ होतात. ते चष्मे सात महिन्यांचे होते. त्यातून सळईचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. मामाने तीन वेळा टोचलं. दहा चाळीसला तुंबलेला चुना एकदम सुटला आणि त्याचा लोट उलटा तोंडावर आला.

मामा जिना उतरून आला तो डावा डोळा दाबूनच. नळाला मूठ नाही, म्हणून तो पिण्याच्या पाण्याच्या पिंपाकडे निघाला. लंबूने त्याला दोन्ही खांद्यांना धरलं.

"अरे, पाणी? वेडा झालास का? डोळ्यात उकळेल तो!"

"जळतंय रे. सोड."

"जळू दे. पाणी लागलं तर डोळाच फुटेल. तुझ्या भाचीनेच दाखवलंय ना आपल्याला?"

मामा थांबला. हे मला नंतर लंबूनेच सांगितलं. मामाला त्याचं म्हणणं पटलं नव्हतं, पण माझं नाव निघालं आणि तो थांबला. त्याला उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसवलं आणि कोरड्या फडक्याने डोळा पुसत राहिले. गाडी बोलावायला कोणीतरी ऑफिसकडे धावलं. मला कळवायला कोणी आलंच नाही. मी आवाज ऐकून गेले. दहा सत्तावन. सतरा मिनिटं.

"पाणी आणा!" मी ओरडले.

लंबू माझ्याकडे पाहतच राहिला. "बाई, पाणी कसं?"

मी मामाला पिंपाशी ओढत नेलं, मान तिरकी केली आणि तांब्यामागून तांब्या डोळ्यावर ओतला. पापणी उचलली तेव्हा बुबुळ चुन्याच्या भिंतीसारखं दिसत होतं.  माझ्या ॲप्रनचं टोक मामाने मुठीत धरून ठेवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लगेच धुतलं का नाही?"

"राहून गेलं," मामा म्हणाला.

"चुन्यात काम करता आणि एवढं कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं की. माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

मामी भिंतीला टेकून उभी होती. तिने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लंबू तिला सगळं आधीच सांगून बसला होता.

डोळा गेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी मी मामाकडे गेले. तो पलंगावर बसून एकट्या उजव्या डोळ्याच्या अंदाजाने पेला धरायचा सराव करत होता. अंतर कळत नाही, हात दोन बोटं अलीकडेच बंद होतो.

"एक पुरतो," तो म्हणाला. "साहेबांचं तोंड आता अर्धंच बघावं लागेल."

मी हसले नाही. मामी आतून म्हणाली, "एकोणीस वर्षं चुना डोळ्यात जातोय ह्यांच्या. दर वेळी नळाखाली डोकं घालायचे आणि ओलेच घरी यायचे. कोणी शिकवलं नव्हतं. मग शिकलेलं माणूस आलं घरातलं."

"अगं, गप," मामा म्हणाला.

"गप काय? खोटं बोलतेय का मी?"

ती खोटं बोलत नव्हती. मी येण्याआधी ते लोक बरोबर वागत होते. कारण माहीत नसताना.

अपघाताचा अहवाल केमिस्टने लिहायचा असतो. कारखान्याचा नियम असा की इजा कामामुळे झाली असेल तर माणसाला बसून करायचं दुसरं काम द्यावं लागतं. ती स्वतःच्या निष्काळजीपणाने झाली असेल तर त्याचं नाव पटावरून काढतात. मामाला तो नियम तोंडपाठ होता. निघताना त्याने मला दाराशी गाठलं.

"चष्मा डोळ्यावर नव्हता, एवढंच लिही. फलकाचं लिहू नकोस."

"मग तुला काढतील."

"मला तसंही काढतील गं. तू कशाला? घरातला एक डोळा तरी शाबूत राहू दे."

मी रात्री चार मुद्दे लिहिले. एक, चष्म्याच्या काचा निकामी होत्या आणि नव्यांची मागणी पाच महिने पडून होती. दोन, जवळच्या नळाची मूठ काढलेली होती. तीन, मी लिहिलेला फलक चुकीचा आणि अपुरा होता. चार, माझं प्रात्यक्षिक अर्धवट राहिलं. प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख, अंतर, मिनिटं घातली. मला वाटत होतं, सगळं मोजून लिहिलं की कोणाला काही लपवता येणार नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचले. त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"उत्तम लिहिलंय. प्रामाणिकपणा आवडला. तीन आणि चार तसेच ठेवा."

"आणि एक, दोन?"

"ते कारण नाही हो, परिस्थिती आहे. कारण तुम्हीच लिहिलंय ना? चुकीची सूचना. आणि चष्मा गळ्यात होता, डोळ्यावर नव्हता. हे खरं की खोटं?"

"खरं. पण त्यातून दिसत नव्हतं."

"मग काम थांबवून सांगायचं होतं."

"कोणाला?"

"मला. माझं दार उघडंच असतं."

दार बंद होतं. बोलताना आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

मी सही करणार नाही म्हटलं. त्याची गरज नाही, असं ते म्हणाले. कच्चा मसुदा माझ्या अक्षरात होता, त्यातली तीन आणि चार मुद्द्यांची दोन पानं पुरेशी होती. पाहणीचे लोक आले, पंखा लावण्यात आला, चहा झाला. निष्कर्ष असा निघाला की केमिस्टने चुकीची सूचना दिली आणि कामगाराने चष्मा वापरला नाही. कारखान्याकडे बोट जाईल असं काही सापडलं नाही. मामाचं नाव पटावरून निघालं. मला नोकरी सोडायला महिन्याची मुदत मिळाली.

"आता सगळ्यांनाच चुना लावला म्हणायचा," मामा म्हणाला आणि स्वतःच हसला. मामी त्या महिन्यात माझ्याशी एकदाही बोलली नाही. मी गेले की ताट मात्र वाढायची.

नऊही फलक उतरवले गेले. त्याच फळ्यांवर नवा रंग चढला: 'चष्म्याशिवाय प्रवेश नाही.' हे तीन फुटांत आरामात मावलं.

शेवटच्या दिवशी पाळी बदलायच्या आधी मी त्याच शेडमध्ये बादली भरून ठेवली. पंधरा लिटर, मोजून. कोणाला बोलावलं नव्हतं, तरी सात-आठ जण थांबले. लंबू सगळ्यांत मागे उभा होता. अपघातानंतर तो माझ्यासमोर येत नव्हता.

"थर्मामीटर तुम्ही धरा, लंबूदादा," मी म्हटलं.

तो पुढे आला. पाणी सव्वीस अंश होतं. मी पन्नास ग्रॅमचा खडा आत सोडला. तो तळाशी गेला, त्यातून बारीक बुडबुडे आले, मग तो हळूच सुटून पांढरा पसरला. कोणी विनोद केला नाही. लंबू पारा पाहत होता. एक मिनिट गेलं, मग पाच.

"किती?" मी विचारलं.

"सत्तावीस पण नाही."

"एवढंच होतं."

"एवढंच?"

"हो."

त्याने थर्मामीटर बाहेर काढून पुसला आणि पुन्हा बुडवला, जणू तो बिघडला असावा. आकडा तोच आला.

"मी धरून ठेवला त्याला," तो म्हणाला. "जोर लावून धरला. तो पिंपाकडे ओढत होता, आणि मी..." त्याने स्वतःचे पंजे पाहिले. "हे तेव्हाच का नाही दाखवलंत, बाई?"

"भोंगा झाला."

त्याने मान वर करून छपरावरच्या भोंग्याकडे पाहिलं. मी दुसरं काही बोलू शकले असते. थांबा, चारच मिनिटं, असं त्या दिवशीही म्हणू शकले असते. साहेब फार तर रागावले असते.

तेवढ्यात भोंगा झाला. माणसं पांगली. लंबूने थर्मामीटर माझ्या हातात दिला आणि हायड्रेटरकडे निघाला. दारावरच्या नव्या फलकापाशी येताच त्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. नवे चष्मे आले नव्हते. दोन्ही हात पुढे करून, पायाने पायरी चाचपत तो आत गेला.