रस्सा होता होता राहिले

मी एक म्हातारी गावरान कोंबडी आहे. हसू नका मित्रांनो. कोंबडीला म्हातारपण लाभणं ही साधी गोष्ट नाही. आमच्यातल्या बहुतेकींचं आयुष्य घरी पाहुणे येईपर्यंतच असतं.

माझा जन्म वारूळवाडीला, साळुबाईंच्या चुलीमागच्या पाटीत झाला. साळुबाईंचं घर ख्रिस्ती. दर रविवारी पांढरं लुगडं नेसून त्या ओढ्यापलीकडच्या पत्र्याच्या चर्चला चालत जायच्या आणि मी त्यांना कुंपणापर्यंत पोचवायला जायचे. मी नेमाने अंडी द्यायचे. "हिच्यावानी गुणाची कोंबडी साऱ्या गावात न्हाई," असं त्यांची सून शीला शेजारणींना सांगायची. ते ऐकून मी उगाच जास्त ओरडायचे.

मग अठ्ठ्याण्णव साली, टोमॅटोच्या हंगामात, साळुबाईंचा पाय अंगणातल्या एका सडक्या टोमॅटोवरून घसरला. नडगीचं हाड मोडलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि नवरात्रात काढलं. "हाड जुळलंय आजी, आता चाला," असं ते म्हणाले. पण साळुबाई उभ्या राहिल्या की लटपटायच्या आणि पुन्हा बाजेवर बसायच्या.

नेमकी त्याच वेळी माझी पिसं झडू लागली. तशी ती दरवर्षी झडतात, पण त्या वर्षी कहरच झाला. शेपूट गेलं, मान उघडी पडली, अंडी बंद झाली. घरचा कोंबडासुद्धा मला पाहून दुसरीकडे बघायचा. शीलाच्या तोंडची स्तुती तर कुठल्या कुठे गेली.

"आत्या, ही आता कामाची न्हाई," ती सासूला म्हणाली. "हिचा रस्सा करते. गरम गरम प्याला की तुमच्या पायात जोर येईल बघा."

म्हणजे आम्हा दोघींपैकी एकीलाच जोर मिळणार होता!

"जोर रश्शानं येत न्हाई गं," साळुबाई म्हणाल्या. "देवाची वाट बघणाऱ्याला त्यो नवा जोर देतो. गरुडावानी पंख फुटत्यात, असं बायबलात हाय."

"गरुडाचं लिवलंय आत्या, कोंबडीचं न्हाई."

शेवटी साळुबाईंच्या मुलाने, म्हणजे शीलाच्या नवऱ्याने, भगवंतने, तोडगा काढला. "नाताळापत्तुर थांबू. आई चालली तर कोंबडी ऱ्हाईल. न्हाई चालली, तर चर्चचे पाळकसाहेब जेवायला येणारच हायेत."

त्या दिवसापासून मी बाजेखाली मुक्काम हलवला. साळुबाईंच्या पायाची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

मला वाटायचं, वाट पाहणं म्हणजे अंडी उबवण्यासारखं असेल. बसायचं, झालं! पण साळुबाई नुसत्या बसल्या नाहीत. रोज पहाटे प्रार्थना करत त्या बाजेची कड धरायच्या, पाय जमिनीवर दाबायच्या आणि म्हणायच्या, "बापा, आज येवढंच." कधी कधी देवाशी भांडायच्यासुद्धा. "ऐकतोयस ना? मी हितंच हाय. कुटं जाणार?"

एकदा त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि त्यांना रडूच फुटलं. "तुजी पिसं गेली अन् माजा पाय. देवाला आपला इसर पडला का गं?" मला बोलता येत नाही, म्हणून मी तिथेच बसून राहिले. त्यांनी माझ्या उघड्या मानेवर पदर घातला. ती ऊब मी अजून विसरले नाही.

डिसेंबरच्या थंडीत माझ्या मानेला काटे टोचू लागले. नवी पिसं! शेपूटही आलं. साळुबाई आता बाजेला धरून उभ्या राहू लागल्या होत्या. पण पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना भीतीने घाम फुटायचा आणि तो पाहून मला फुटायचा.

नाताळची सकाळ उजाडली. शीलाने विळी काढली आणि भगवंत पाटी घेऊन माझ्यामागे लागला. चुलीपासून गोठ्यापर्यंत आमची पळापळ झाली. कोपऱ्यात सापडले, तेव्हा मी जिवाच्या आकांताने पंख झाडले. काय सांगू मित्रांनो, नव्या पंखांनी मला उचललं! मी थेट घराच्या पत्र्यावर!

"आत्या, तुमची कोंबडी उडाली!" शीला ओरडली.

"उडाली? खरंच उडाली? कुटंय?" असं विचारत साळुबाई बाहेर आल्या, अंगणाच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि मान वर करून मला बघून हसू लागल्या. कुणाचाच आधार नव्हता. भगवंताच्या हातातली पाटी खाली पडली.

"आत्या," शीला हळूच म्हणाली, "तुमी चालत आला."

साळुबाईंनी खाली पायांकडे पाहिलं. "व्हय की!" मग त्यांनी शीलाचा खांदा धरला आणि डोळे पुसले. "लुगडं काढ माजं पांढरं. चर्चला जायचंय."

सगळे गेल्यावर मी खाली उतरले. इतक्या दिवसांत ती बाज पहिल्यांदाच रिकामी दिसत होती. मी तिच्यावर चढले आणि गोधडीच्या मधोमध अंडं घातलं.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी वाट पाहण्यावर फार सुंदर प्रवचन केलं म्हणे. दुपारी मात्र त्यांच्या ताटात वांग्याचा रस्सा आणि माझं ते एक अंडं आलं. ते थोडा वेळ रश्शाकडे बघत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची पिसं झडलेली दिसली, तर लगेच पातेलं चढवू नका. जवळ बसा, अंगावर पदर घाला आणि थोडी वाट बघा.