पानाकाकांनी आवळलेलं बूच

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून पत्र्याचा, आतून काचेचा. अंगावरची निळी फुलं आता जवळजवळ पुसली गेली आहेत आणि बुडाशी चांगला मोठा पोचा आहे. त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ माझ्या बुचात आहे.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात काचेची बाटली अलगद उतरवली आणि दोन बोटांनी बूच फिरवून लावलं. नुसत्या दोन बोटांनी! ते सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. कारण मला विकत घेतलं ते एका फिटरने. पाना घेऊन यंत्रांचे नटबोल्ट आवळण्यात त्यांचा दिवस जायचा आणि तीच खोड ते घरी घेऊन यायचे. त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडायचा नाही. औषधाच्या बाटल्या, डब्यांची झाकणं, मुलीच्या बुटांच्या नाड्या, सगळं कसं करकचून. गल्लीत त्यांना सगळे पानाकाका म्हणत.

त्यांना एकच मुलगी. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून हे गृहस्थ तिच्यामागे गरम दूध घेऊन फिरू लागले. आणि दूध कशात? माझ्यात. रोज सकाळी मला भरायचे, दोन गुडघ्यांत दाबून धरायचे, बूच आवळायचे, आणि वर आणखी एक पीळ द्यायचे. माझा जीव कंठाशी यायचा. शाळेत मधल्या सुट्टीत त्या पोरीला ते बूच उघडायचं नाही. बाईंनाही नाही, शिपायालाही नाही. मग काय, पानाकाका जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून धापा टाकत यायचे, मला उघडून द्यायचे, ती दूध पिईपर्यंत उभे राहायचे आणि परत पळायचे. बूच सैल लावलं असतं तर ही सगळी धावपळ वाचली असती. एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही.

मुलगी मोठी झाली. परीक्षेला बसली, की हे फाटकाबाहेर मला घेऊन उभे. नोकरीला लागली, की हे कचेरीच्या दारात हजर. तिथला पहारेकरी विचारायचा, काका, इथे चहा मिळतो की हो. पण काका ऐकतील तर शपथ. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी आल्यावर ती चिडायची, दोन दिवस बोलायची नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा दारात. तिच्या बाळंतपणात तर मी दवाखान्याच्या बाकावर इतके दिवस काढले, की नर्सबाई मलाही ओळखू लागल्या.

मग नात आली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. नात पोहायला शिकू लागली. पाण्यातून कुडकुडत बाहेर आली, की आजोबा टॉवेल आणि मला घेऊन काठावर तयार. आता त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. स्वतः लावलेलं बूच स्वतःलाच उघडेना. फडकं गुंडाळून, दात-ओठ खाऊन ते झटायचे, पण लावताना जोर कमी करायचे नाहीत. मुलीने बटण दाबून उघडणारी नवी बाटली आणली. ती त्यांनी कपाटात ठेवून दिली, अर्थात कपाट घट्ट लावून.

एका सकाळी नातीची शर्यत होती. त्यांनी मला भरलं, बूच आवळलं, वरचा पीळ दिला, आणि बूट घालायला खुर्चीत बसले. तिथेच त्यांनी मान टाकली.

घरात माणसं जमली. कुणी म्हणालं, किती शांत स्वभाव. शांत? रोज सकाळी नळाशी भांडणारा माणूस तो! मुलगी सगळ्यांना पाणी देत होती, मान डोलवत होती. रडली मात्र नाही. जावईबापू मला रिकामं करायला उचलू लागले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे. बाबांनी भरलाय तो."

आणि मित्रांनो, घरच्यांनी मला पानाकाकांच्या फोटोशेजारी मांडून ठेवलं! दुधासकट! रोज मला बाहेरून पुसायचे. आत काय चाललंय, याची कुणाला फिकीर? दूध नासलं, आंबलं, फुगू लागलं. माझी काच तडकायची वेळ आली. जावयाला बोलता येईना, मुलगी विषय काढू देईना. शेवटी वास बुचाबाहेर आला आणि नातीने नाक धरून सरळ सांगितलं, की आजोबांचा थर्मास घाण मारतोय.

जावई पक्कड घेऊन आले. आता मी फुटणार, हे मला कळून चुकलं. तेवढ्यात मुलीने मला त्यांच्या हातून ओढून घेतलं. जमिनीवर बसली, मला गुडघ्यांत धरलं आणि बूच फिरवू लागली. ते हलेना. फडकं घेतलं, तरी हलेना. तिचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग ती फोटोकडे बघून ओरडलीच.

"बाबा, किती वेळा सांगितलं, इतकं घट्ट लावू नका म्हणून? आता उघडायला मी कुणाला बोलावू?"

बूच फस्सकन निघालं. वास घरभर झाला. ती मला पोटाशी धरून रडत राहिली, आणि नात एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत राहिली.

मग मला गरम पाण्याने तीनतीनदा धुतलं. आता मी ओट्यावर उपडा पडलो आहे आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतो आहे. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू फोटोशेजारी सजवू नका. त्या धुवा, वापरा. आणि तुमच्या घरात असा एखादा वैताग आणणारा माणूस असेल, तर त्याच्यावर काय चिडायचं ते आत्ताच चिडून घ्या, तो समोर आहे तोवर. नंतर ते सगळं थर्मासला ऐकावं लागतं.