पेशींचं खाणंपिणं

लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, कारण बरोबरीचे सगळे पीएचडी होऊन पांगले होते आणि ही एकटी उरली होती. तिचं काम उंदराच्या पिल्लांच्या लहान मेंदूतल्या पेशींवर. चालताना तोल सांभाळणं, हाताला वळण लावणं ही लहान मेंदूची कामं. तिच्या पेशी मात्र इनक्युबेटरच्या उबेत, प्लॅस्टिकच्या बश्यांमध्ये वाढत होत्या. इनक्युबेटरच्या दारावर तिने लाल अक्षरांत लिहून चिकटवलं होतं: आठवडा झाल्यावर ताजं मीडियम घालू नये.

मीडियम म्हणजे पेशींचं खाणंपिणं. हा नियम फोनवर सांगितला तेव्हा आईला तो पटेना.

"म्हणजे उपाशी ठेवतेस त्यांना? तू लग्न करत नाहीस तेच बरं आहे."

"आई, त्यांना ताजं खाऊ घातलं की त्या मरतात."

"असं कुठे असतं का?"

असंच असतं. ग्लुटामेट हे मेंदूतल्या पेशींचं एकमेकींना निरोप देण्याचं रसायन. या पेशींच्या अंगावर त्याचे रिसेप्टर असतात, म्हणजे ग्लुटामेट आलं की उघडणारी दारं. कोवळ्या वयात ग्लुटामेटने जरा डिवचत राहिलं तरच पेशी जगते, फांद्या फोडते, शेजारणीशी सूत जुळवते. कोणी डिवचलंच नाही तर मान टाकते. पण मोठी झाल्यावर याच दारांची इतकी गर्दी होते की तेच ग्लुटामेट जिवावर उठतं. दारं उघडतात ती मिटायचं नाव घेत नाहीत, आत कॅल्शियम घुसत राहतं आणि पेशी फुगून फुटते. आणि ताज्या मीडियममध्ये ग्लुटामेट चांगलंच असतं, कारण त्यात सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, घातलेलं असतं.

लॅबमध्ये हे पहिल्यांदा लक्षात आलं ते ताईच्या सरांच्या, तरुणपणी, स्वतःच्या हाताने एक अख्खी बॅच खाऊ घालून मारल्यावर. त्या शोधनिबंधावर ते प्राध्यापक झाले, मग विभागप्रमुख झाले, आणि पिपेटला हात लावायची त्यांना गरज उरली नाही. चहाच्या वेळी सरांच्या गप्पांत मात्र ती बॅच अजूनही रोज मरत असे.

ताईची ही शेवटची बॅच होती. महिनाअखेरीला फेलोशिप संपत होती. बॅच नीट पार पडली तर प्रबंध वेळेत जाणार, आणि प्रबंध गेला तर दुसऱ्या संस्थेत ठरलेली नोकरी हातात पडणार. नाहीतर इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी. त्यातच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं.

"निर्धास्त जा," सर म्हणाले. "मी आहे ना."

ती खरंच निर्धास्त गेली, एवढंच तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी परतल्यावर तिने पर्ससुद्धा न ठेवता मायक्रोस्कोपला डोळा लावला. जिथे पेशींचं जाळं होतं तिथे फुगलेले गोळे आणि चिंध्या होत्या. दुसरी बशी बघितली, तिसरी बघितली, सगळीकडे तेच. सिंकपाशी मीडियमची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन पालथी घातलेली होती. इतका नीटनेटकेपणा त्या लॅबमध्ये कोणाला परवडत नसे.

तेवढ्यात सर हसतमुखाने आत आले.

"आई कशी आहे? अगं, काल सहज डोकावलो, तर मीडियम पिवळट पडलेलं. म्हटलं, तू नाहीस, बिचाऱ्यांकडे कोण बघणार? स्वतः बदललं. हात अजून विसरला नाही बघ."

हात विसरला नव्हता, हे खरंच होतं. मीडियम पिवळं पडलं की बदलायचं, हे तो शोधाच्याही आधी शिकला होता. शोध डोक्याने लावला होता आणि तो कधी हातापर्यंत पोचलाच नव्हता.

"सर, दारावर लिहिलं होतं."

"ते विद्यार्थ्यांसाठी गं."

तिने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. सरांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला.

"इनक्युबेटरचा गॅस संपला असेल."

"गॅस ठीक आहे."

"तापमान?"

"तेही ठीक आहे."

"मग या बश्यांच्या प्लॅस्टिकमध्येच काहीतरी..."

ताईला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त येत होता. लहान मेंदू चुकांतून शिकतो, हे तिने नव्या मुलांना कितीदा समजावलं होतं. चुकलं की एक जोरदार इशारा येतो, आणि चुकीच्या वाटेवरचे रिसेप्टर हळूहळू काढून घेतले जातात. सरांना असा इशारा गेल्या कित्येक वर्षांत कोणी दिलाच नव्हता. त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्यांत ती स्वतः सगळ्यात पुढे असे, आणि आता त्या डोलावण्याची तिला मनापासून लाज वाटली.

"सर, तुम्ही काय घातलंत त्यांना?"

"मीडियम."

"कसलं?"

"ताजं," सर म्हणाले, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

सर पडेल आवाजात म्हणाले, "मुदतवाढीसाठी समितीला पत्र देतो. आत्ताच." समोरचा कागद ओढून त्यांनी लिहायला घेतलं: तांत्रिक बिघाडामुळे.

"असं नको, सर. बिघाड म्हटलं की तो माझ्याच माथी मारतील. तुमच्या हातून झालं असं लिहा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती ओळ खोडून त्यांनी 'माझ्या हातून' असं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

"पुढे 'अनवधानाने' लिहू का?" त्यांनी जवळजवळ विनवणीच केली.

"नको, सर. तुम्ही अगदी लक्ष देऊन घातलंत."