बदललंय

गाडी एक आणि चालवणारे दोघे. सकाळी थोरला, संध्याकाळी धाकटा. थोरल्याने धुतलेल्या चादरी पोचवायच्या, धाकट्याने मळलेल्या गोळा करून आणायच्या. दवाखाने, वसतिगृहं, स्टेशनाजवळची दोनतीन हॉटेलं असा तो फेरा. फेऱ्याच्या मधोमध त्यांची लाँड्री होती. दोन मोठी मशीनं, इस्त्रीचं लांबलचक टेबल, वाफेने कायम घामेजलेल्या भिंती आणि दारामागे एक खिळा. त्या खिळ्यावर गाडीची किल्ली लटकायची.

बाबा होते तेव्हा हा खिळा नव्हता. किल्ली हातातून हातात जायची. गाडीचं तेल बाबा स्वतः बदलायचे. एखाद्या निवांत सकाळी एक फाटकी चादर गाडीखाली पसरायची आणि त्यावर बाबा आडवे. बाहेर दिसायचे ते फक्त त्यांचे तळपाय. सगळं उरकलं की हात पुसत यायचे, ज्याची पाळी असेल त्याच्या हातात किल्ली ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "बदललंय." पुढे ना हिशेब ना उपदेश. कधी बदलतात, कशावरून ठरवतात, हे दोघा भावांनी कधी विचारलं नाही. घरात उजेड कुठून येतो हे लहान पोर विचारत नाही, तसं.

बाबा गेले. मग एके दुपारी धाकटा म्हणाला, जुनं मशीन काढून नवं घेऊ. थोरला म्हणाला, बाबा असते तर घेतलं नसतं.

"बाबा नाहीत," धाकटा म्हणाला. "आणि तू बाबा नाहीस."

एवढंच. भांडी आपटली नाहीत, दार आपटलं नाही. पण त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं आटलं ते आटलंच. दारामागे खिळा आला. निरोप आईच्या तोंडून जाऊ लागले.

"त्याला सांग, दवाखान्याच्या उशांच्या खोळी कमी भरल्यात."

"तो तुझ्यापासून चार हातांवर उभा आहे," आई म्हणायची. "मी काय पोस्टमन आहे? टपालाचं तिकीट तरी लावत जा रे."

एकाच कामात मात्र त्यांची सुटका नव्हती. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. ताणायची, झटकायची, दुमडायची आणि मग पावलं टाकत एकमेकांकडे यायचं. मधोमध बोटांना बोटं लागायची. थोरला आपलं टोक त्याच्या हातात द्यायचा आणि खाली लोंबणारी दुमड उचलायला वाकायचा. डोळे चादरीवर. मग पुढची चादर. आई इस्त्री करता करता स्वतःशीच गुणगुणायची,

*दोन टोकांची चादर, दोघा लेकांनी धरली,*
*मधे वाऱ्यानं भरली, घडी राहिली.*

दोघांनाही ऐकू जायचं. दोघेही बहिरे व्हायचे.

एकदा आईनेच थोरल्याला सांगितलं, "स्टेशनापलीकडे त्याने एक गाळा बघून ठेवलाय. म्हणतो, गाडी चालतेय तोवर चालतंय. ती बसली की माझा मी."

थोरला "बरं" म्हणाला आणि इस्त्रीचं टेबल पुसत राहिला, आधीच पुसलेलं. त्या दिवसापासून त्याला गाडीची धास्ती लागली. धाकट्याला थांबवायला त्याच्याजवळ शब्द नव्हते, पण गाडी होती. ती धडधाकट राहिली तर फेरा राहील, फेरा राहिला तर चादरीचं दुसरं टोक राहील.

म्हणून तो बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढून बघायचा. बहुतेक वेळा तेल वरच्या खुणेला टेकलेलं असायचं. थोरल्याच्या मनाला गार वाटायचं. म्हणजे धाकट्याने बदललं. बोलला नाही, पण बदललं. कधी पातळी जरा उतरलेली दिसली तर तो डब्यातलं थोडं तेल वरून ओतायचा आणि डबा सीटमागे ढकलून द्यायचा. तेल काळंकुट्ट दिसायचं, पण डिझेलच्या गाडीत नवं तेलही लगेच काळं होतं, हे त्याने बाबांच्या तोंडून ऐकलं होतं. तेवढं एकच वाक्य नेमकं त्याच्या लक्षात राहिलं होतं.

असे बरेच महिने गेले.

मग एका सकाळी, मागे दवाखान्याच्या चादरी गच्च भरलेल्या, गाडी सिग्नलला उभी असताना समोर तेलाचा लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. इंजिनातून खटखट येऊ लागली, बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तशी. थोरल्याने गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल पूर्ण. खुणेला टेकलेलं. मग दिवा कशाचा?

कोपऱ्यावरच पानाताईचं गॅरेज होतं. खरं नाव तिचं तिलाच ठाऊक. हातात सदा पाना, म्हणून पानाताई. बाबांना अवघड नट सुटला नाही की ते हिच्याकडे यायचे. चार माणसं लावून गाडी ढकलत आत आणली. थोरल्याने आईला फोन केला. दवाखान्यात चादरी वेळेवर हव्या होत्या.

थोड्या वेळाने हातगाडी ढकलत धाकटा आला. इकडेतिकडे न बघता गठ्ठे उतरवू लागला.

पानाताईने गाडीच्या पोटाला कान लावला, तेल भरायचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि बाहेर आलेल्या बोटाकडे बघत राहिली. बोटावर डांबरासारखा गोळा होता.

"शेवटचं तेल कधी बदललं?"

"याला विचार," थोरला म्हणाला.

"त्याला विचार," धाकटा त्याच वेळी म्हणाला.

पानाताईने बोट फडक्याला पुसलं.

"म्हणजे?" धाकटा आता पहिल्यांदाच सरळ थोरल्याकडे वळला. "तू बदलत नव्हतास? मी बघायचो तेव्हा भरलेलंच असायचं!"

"मी बघायचो तेव्हाही भरलेलं असायचं. कधी कमी दिसलं तर मी घालायचो थोडं."

"मीसुद्धा."

"वा!" पानाताईने कमरेवर हात ठेवले. "आरती ओवाळू का दोघांना? ओतलं दोघांनी, काढलं कुणीच नाही. अरे, तेल किती आहे ते पट्टी सांगते. तेलात जीव किती उरलाय, ते कोण सांगणार? तुमच्या बापानंतर या गाडीचं तेल बदललंच गेलं नाही. घट्ट होऊन ते इंजिनात वर चढेनासं झालं, म्हणून दिवा."

बोलता बोलता तिने खालचा नट सैल केला, घमेलं सरकवलं. तेल धारेने आलं नाही. आधी एक जाड लोळ लोंबला, मग तुटला, मग दुसरा.

"किती दिवसांनी बदलायचं असतं?" थोरल्याने खालच्या आवाजात विचारलं. हा प्रश्न त्याने कधीतरी त्या तळपायांना विचारायला हवा होता.

"गाडीसोबत आलेल्या पुस्तकात आकडा असतो, तो धरायचा. पण तो धरताना आपली गाडी कशी जगते तेही बघायचं. मोकळ्या रस्त्याने लांब पळणाऱ्या गाडीचं तेल जास्त टिकतं. तुमची कशी? ओझं पाठीवर, गल्लीगल्लीत थांबणं, इंजिन तापायच्या आत बंद. अशा गाडीचं लवकर बदलायचं. आणि कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलायचंच, उभ्या उभ्याही तेल म्हातारं होतं. फिल्टरही तेव्हाच बदलायचा." ती थांबली, हातगाडीवरच्या पांढऱ्याशुभ्र गठ्ठ्यांकडे तिने बघितलं. "आता मला सांगा, मशीनमध्ये पाणी काळं झालं की काय करता? वरून बादलीभर स्वच्छ पाणी ओतता?"

धाकट्याला हसू फुटलं. तो दाबत होता, पण खांदे हलायला लागले. "धुलाईवाल्याची पोरं आपण," तो म्हणाला. "सगळ्या गावाचं मळकं पाणी सोडतो, आणि घरच्या गाडीत..." पुढचं त्याला बोलता येईना. थोरलाही हसला, आणि हसता हसता त्याला बाहीने डोळे पुसावे लागले.

"गाडी वाचेल?" त्याने विचारलं.

पानाताईने घमेल्यातला मळ पान्याने ढवळून बघितला. "जे झिजलं ते भरून येत नाही. थोडी खटखट राहील, तिची सवय करून घ्या. पुढचं झिजणं मात्र थांबवता येईल. आज नवं तेल घालते. ते आतला मळ सोडवेल आणि लवकरच काळं होईल, म्हणून महिन्याभरात तेही काढायचं. त्यानंतर मग नेहमीसारखं."

"एक खंगाळणी पुरत नाही," धाकटा म्हणाला.

"हां. तुमच्या भाषेत तसं."

मळ घट्ट होता, ठिबकायला वेळ लागणार होता. चादरी दवाखान्यात पोचवायच्या होत्या. दोघे हातगाडीला लागले, एक पुढून ओढायला, एक मागून ढकलायला. परत आले तेव्हा पानाताई दुसऱ्या गाडीत डोकं घालून बसली होती. दोघे जुन्या टायरवर टेकले. घमेल्यात थेंब पडत होते. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्. बाबा असेच शेवटच्या थेंबापर्यंत गाडीखाली पडून राहत. आई हाका मारायची आणि ते "आलो आलो" म्हणून तिथेच.

"नवं मशीन," थोरला थेंबांकडे बघत म्हणाला, "वाईट नव्हतं तसं. मी बाबांचं नाव मधे घातलं. माझं मत विचारलं असतंस तर मला सांगता आलं नसतं, म्हणून."

धाकटा पायाने एक खिळा उलटसुलट करत राहिला.

"मी जे बोललो ना तेव्हा," तो शेवटी म्हणाला, "तू बाबा नाहीस, ते... खरं आहे ते. पण मी ते दगडासारखं मारलं."

टप्.

थोरल्याच्या मनात एक प्रश्न कधीचा होता. त्याला तो नीट मांडता येईना, म्हणून त्याने तो तेलातून विचारला. "महिन्याभराने परत काढायचंय म्हणते. असशील तेव्हा?"

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. मग गाडीकडे. "गाळ्याचं अजून ठरलेलं नाही," तो म्हणाला. "आणि गाडीखाली कोण जाणार मग? तुझं पोट अडकेल."

"पोट काढू नकोस."

"काढत नाही. आहे तिथेच असू दे."

गाडी सुरू झाली तेव्हा लाल दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. खटखट उरली होती, पण दुरून आल्यासारखी.

महिन्याभराने, एका निवांत सकाळी, आई इस्त्री गरम करत असताना तिला दाराबाहेर फाटकी चादर पसरलेली दिसली. चादरीवरून दोन तळपाय बाहेर आले होते. हुबेहूब तसेच, अंगठा बाजूला वळलेला. तिचा हात थबकला. थोरला गाडीच्या तोंडाशी उभा राहून नव्या डब्याचं झाकण उघडत होता, आणि खालून आवाज येत होता, "थांब! अजून ओतू नकोस. थेंब चालू आहेत."

"थांबलोय रे."

बऱ्याच वेळाने धाकटा आत आला. कोपरापर्यंत काळा, कपाळाला एक काळी रेघ. थोरला चादर हातात घेऊन उभा होता, दुसऱ्या टोकाची वाट बघत. धाकट्याचं लक्ष दारामागच्या खिळ्याकडे गेलं. तो त्याला ओलांडून पुढे आला, हात पुसले, नखांपर्यंत पुसले, आणि किल्ली थोरल्याच्या तळहातावर ठेवली.

"बदललंय," तो म्हणाला.

थोरल्याने मूठ मिटली. मग दुसऱ्या हातातलं चादरीचं टोक त्याच्यापुढे केलं.

"ए, आधी साबणाने हात धू," इस्त्रीमागून आई ओरडली. "पांढरी आहे ती!"