शबनमच्या गावची वेळ

मित्रांनो, पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात अब्दुल्लाचाचांच्या घरी कधी आलात, तर बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी टांगलेली दोन घड्याळे दिसतील. एक चौकोनी आणि नवे आहे. ते आपल्या देशाची वेळ दाखवते. दुसरे गोल आहे, पितळी कडेचे, काचेवर चरा गेलेले. ते मी. मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. माझे काटे पाहून येणारे-जाणारे म्हणतात, "चाचा, हे घड्याळ चुकतंय." तुम्हीही म्हणाल. पण मी चुकत नाही. आयुष्यात मी एकदाच चुकलो, आणि तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी कुवेतच्या बाजारात आलो. अब्दुल्लाचाचा तेव्हा कुवेतच्या बंदरात क्रेन चालवत. १९८६ साली सुट्टीवर घरी येताना त्यांनी मला विकत घेतले आणि टॉवेलात गुंडाळून पनवेलला आणले. हलीमाचाची तेव्हा नव्याने लग्न होऊन आल्या होत्या. आमच्या मोहल्ल्यात एक रीत होती. ज्या घरातला माणूस आखातात असेल, त्या घरात दोन घड्याळे लागत. एक इथल्या वेळेचे आणि एक तिथल्या. मला कुवेतची वेळ लावली, इथल्यापेक्षा अडीच तास मागे.

चाचांची जेवणाची सुट्टी साडेबाराला असे. म्हणजे आपल्याकडे तीन. हलीमाचाची तीन वाजेपर्यंत जेवत नसत. सासूबाई कुरकुरत, "हिचं पोट कुवेतला ठेवलंय." चाची नुसत्या हसत आणि माझे काटे साडेबाराला आले की ताट वाढून घेत. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ.

मग १९९० साली कुवेतवर युद्ध आले. चाचा एका पिशवीनिशी परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. त्यांनी पनवेलमध्ये नळ, खिळे, कुलुपे विकणारे छोटे दुकान टाकले. घरचा माणूस घरी आला, तेव्हा तिथल्या वेळेची गरज उरली नाही. मला माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवले. एकोणतीस वर्षे मी तिथे पडून होतो. माझ्या पोटातला सेल पाझरून गंजला. मला कोणाचा राग आला नाही. खाली एक मूल जन्मले, रांगले, धावले, मोठ्याने पाढे म्हणू लागले, आणि मी अंधारात ते ऐकत राहिलो. ते मूल म्हणजे शबनम.

२०१९ च्या सप्टेंबरात ट्रंक उघडली. शबनम नर्स झाली होती आणि इंग्लंडमधल्या एका शहरातल्या हॉस्पिटलात तिला काम मिळाले होते. हलीमाचाचींनी रॉकेलच्या बोळ्याने माझा गंज काढला. चाचांनी दुकानातून नवा सेल आणला. शबनम स्वतः स्टुलावर चढली आणि तिने माझे काटे साडेचार तास मागे लावले.

"अम्मी, हे आता माझं घड्याळ," ती म्हणाली. "यात अकरा वाजले की माझी चहाची सुट्टी. तेव्हा फोन घेऊन गच्चीवर जायचं."

गच्चीवर अशासाठी, की आमच्या घराच्या भिंती जाड आहेत. खाली फोनला रेंज नसते. त्यामुळे माझे काटे अकराला पाच मिनिटे कमी दाखवू लागले, की चाचा आणि चाची फोन घेऊन जिना चढत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी शबनम फोनवर म्हणाली, "अम्मी, आज घड्याळ एक तास मागे घे."

मित्रांनो, याचे कारण समजून घ्या. तो देश पृथ्वीच्या बराच वरच्या भागात आहे. तिथे उन्हाळ्यात दिवस खूप लांबतो. त्या उजेडाचा उपयोग व्हावा म्हणून मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळे एक तास पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतो. कुवेतला असे काही नव्हते. त्यामुळे आमच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी चाचांचे शाळेपासूनचे मित्र तुळशीराम आले होते. ते गल्लीच्या टोकाला राहतात. चाचींना स्टुलावर चढून माझे काटे फिरवताना पाहून ते म्हणाले, "तितलं सरकार घड्याळालापन हुकूम सोडतं काय?"

"व्यवस्था आहे ती," चाचा म्हणाले. "त्यांच्याकडे सगळं वेळेवर चालतं."

"मार्चात परत पुढे करायचं," चाची म्हणाल्या. "शबनम म्हणाली, मी सांगेन."

ते वाक्य, मित्रांनो, लक्षात ठेवा.

त्या हिवाळ्यात आमच्या खोलीत ब्रिटनच्या राजकारणावर जेवढी चर्चा झाली, तेवढी पनवेलमध्ये दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसेल. मुलगी तिथे, म्हणून चाचा पेपरातली तिथली ओळन् ओळ वाचत. जानेवारीच्या शेवटी तो देश युरोपच्या संघातून बाहेर पडला, तेव्हा तुळशीराम म्हणाले, "गावकीतून भायेर पडायचं आनि पंगतीला मातर आमचं पान मांडा म्हनायचं. असं कसं चालंल?"

"त्यांनी विचार करूनच केलं असेल," चाचा म्हणाले.

"विचार करायला तीन वर्सं लागली, अब्दुल्ला. आमच्या गावकीत एका राती भांडन मिटतं."

शबनमही तिकडच्या गोष्टी सांगे. तिच्या वॉर्डात एक म्हातारे आजोबा होते. बाहेरचे लोक देशात नकोत म्हणून आपण मत दिले, असे ते उघडपणे सांगत. आणि दुसरी कोणी नर्स आली की तोंड फिरवून म्हणत, मला सूप शबनमच भरवील. ती ही गोष्ट सांगताना इतकी हसली, की चाचींना शब्द कळेनात.

मार्चमध्ये हसणे हळूहळू थांबले.

महामारी तिथे पोहोचली होती. सुरुवातीला दुकानांतून शौचालयातल्या कागदाच्या गुंडाळ्या संपल्या, त्यासाठी लोक भांडले, हे ऐकून तुळशीराम पोट धरून हसले. मग शबनम सांगू लागली, की वॉर्डात खाटा कमी पडताहेत, मास्क पुरवून पुरवून वापरावे लागताहेत. चहाच्या खोलीत कोणी म्हणते सरकारने उशीर केला, कोणी म्हणते घाई करून काय होणार होते. वाद करणारे दोघेही वाद अर्धवट टाकून पेशंटकडे पळतात.

"एवढा मोठा देश," चाचा म्हणाले, "आणि मास्क नाहीत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. जिच्यावर भरवसा ठेवून मुलगी पाठवली, ती व्यवस्था त्यांच्या डोळ्यांदेखत खचत होती.

वीस मार्चला शबनम फोनवर खोकली. "धूळ आहे, अम्मी," ती म्हणाली. पंचवीस मार्चला आपला देश बंद झाला. विमाने त्याआधीच थांबली होती. त्याच दिवशी शबनम ज्या हॉस्पिटलात काम करत होती, तिथेच पेशंट म्हणून दाखल झाली.

आता बातमी देणारी एकच उरली, जास्मीन. ती उरणची. शबनमच्या खोलीत राहणारी, त्याच हॉस्पिटलातली नर्स. शनिवारी तिचा फोन आला. चाचा-चाची गच्चीवरून खाली आले, तेव्हा चाचींनी भिंतीला हात लावून ठेवला होता.

तुळशीराम दारात, तोंडाला पंचा बांधून, लांब उभे होते. "काय म्हनली पोर?"

"उद्या तिला झोपेचं औषध देऊन श्वासाच्या मशीनवर ठेवणार," चाचा म्हणाले. "त्याच्या आधी व्हिडिओवर दहा मिनिटं बोलायला देणार आहेत. अकरा वाजता."

"तितले अकरा?"

"तिथलेच. जास्मीन इथली वेळ काढून सांगत होती. शबनम तिला म्हणाली, अम्मीला नुसतं अकरा सांग. तिच्याकडे माझं घड्याळ आहे."

मित्रांनो, कोणी कोणावर इतका भरवसा ठेवावा का? पण तिने ठेवला. माझ्यावर.

रविवार, एकोणतीस मार्च. चाचींनी सकाळी फोन चार्जिंगला लावला, बोलताना बंद पडू नये म्हणून. मग माझ्यासमोर खुर्ची ठेवून त्या बसल्या. काय काय बोलायचे ते त्या पुटपुटत होत्या. "आधी दुआ म्हणेन. मग सांगेन, घाबरू नको. मग विचारेन, काही खाल्लंस का." पुन्हा पहिल्यापासून. चाचा म्हणाले, "दहाच मिनिटं आहेत, हलीमा. मलाही दोन दे."

"तुम्हाला तीन देते," त्या म्हणाल्या.

शेजारच्या नव्या घड्याळात साडेतीन वाजले. माझ्यात दहा. चाची उठल्या नाहीत. का उठतील? मी दहा दाखवत होतो. त्या दिवशी आपल्याकडे सकाळी साडेसहा वाजता, साऱ्या ब्रिटनने आपली घड्याळे एक तास पुढे केली होती. पेपर बंद होते. जिने सांगायचे होते, तिला श्वास पुरत नव्हता. आणि घड्याळाला कोणी सांगितल्याशिवाय काही कळत नाही. मी प्रामाणिकपणे, एकही सेकंद न चुकता, चुकीची वेळ दाखवत राहिलो. फोन माझ्याखालच्या फळीवर मुका पडून होता.

अकराला दहा कमी असताना दोघे जिना चढले.

थोड्याच वेळात चाचांचा आवाज आला. असा आवाज मी युद्धातून परत आलेल्या त्या माणसाच्या तोंडूनही ऐकला नव्हता. गच्चीवर रेंज येताच फोनवर सात न घेतलेले कॉल दिसले होते. सगळे तासाभरापूर्वीचे. त्यांनी जास्मीनला फोन लावला. ती एवढेच म्हणाली, "चाचा, कुठे होतात तुम्ही? तिला झोपवलं."

शबनमने एक निरोप बोलून ठेवला होता. गच्चीवर चाचींना तो ऐकवेना. दोघे खाली आले आणि माझ्यासमोर बसून त्यांनी तो लावला.

"अम्मी... अब्बा... फोन लागत नाही. आत्ता लक्षात आलं. आज इथे वेळ बदलली. घड्याळ पुढे करायचं... मी सांगणार होते ना... राहिलं. माझी चूक आहे, तुमची नाही. अम्मी, रडू नको. घड्याळ एक तास पुढे कर. मी उठले की... अकरालाच फोन करते."

चाचींनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता त्या मला उचलून जमिनीवर आपटतील. आपटले असते तर बरे वाटले असते. पण त्यांनी स्टूल ओढले, वर चढल्या आणि बोटाने माझा काटा एक तास पुढे केला.

त्यानंतर अकरा दिवस रोज माझ्या अकराच्या ठोक्याला ती दोघे गच्चीवर गेली. जास्मीन एकच वाक्य सांगे. आज तसंच आहे. आज थोडं खाली गेलं. त्याच दिवसांत तिथले लोक दर गुरुवारी दाराशी येऊन नर्सांसाठी टाळ्या वाजवू लागले होते, आणि तिथले पंतप्रधानही त्याच आजाराने हॉस्पिटलात गेले. तुळशीराम दारातून म्हणाले, "आता तरी कळंल त्यांना, वैनी. नर्सा वाचवतात की टाळ्या."

चाची म्हणाल्या, "बरा होऊ दे त्याला, तुळशीरामभाऊ. त्याचीही कोणीतरी वाट बघत असेल."

तुळशीराम पंच्याने डोळे पुसत गेले.

नऊ एप्रिलला शबनम गेली. तो गुरुवार होता. त्या संध्याकाळी तिथले लोक ठरल्याप्रमाणे दाराशी येऊन नर्सांसाठी टाळ्या वाजवत होते, असे जास्मीनने नंतर सांगितले. दफनाला मोजकीच माणसे होती. जास्मीनने फोन हातात धरला आणि आईबापांनी पनवेलच्या गच्चीवरून ते पाहिले. दफनाची वेळ तिथल्या दुपारी बाराची दिली होती. चाची माझ्या अकरालाच वर जाऊन बसल्या होत्या.

महिने गेले. दुकान उघडले, रस्ते वाहू लागले. एक दिवस चाचांनी मला उतरवायला हात वर केला. "आता कशाला हे? तिथून कोणाचा फोन येणार?"

"राहू द्या," चाची म्हणाल्या. "तिच्या गावची वेळ आहे ती. एकदा चुकली माझ्याकडून."

चाचांनी हात खाली घेतला आणि ते दुकानात निघून गेले.

मित्रांनो, तेव्हापासून दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला हलीमाचाची स्टुलावर चढतात आणि माझा काटा पुढे करतात. ऑक्टोबरात मागे आणतात. त्यांना आठवण करून देणारे आता कोणी नाही, आणि त्या एकदाही विसरलेल्या नाहीत. गुडघे दुखतात, तरी दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

मी जुना झालो आहे. माझा सेल बदलावा लागतो, काचेवर धूळ बसते. मला जपा असे मी म्हणणार नाही. मला जपणारी आहे. तुम्ही एवढेच करा. एखाद्याला काही सांगायचे असेल, तर ते पुढच्या महिन्यावर ठेवू नका, आजच सांगा. आणि कोणाच्या घरात चुकीची वेळ दाखवणारे जुने घड्याळ दिसले, तर हसण्याआधी हळूच विचारा, ही कोणाची वेळ आहे?

आता अकराला पाच कमी आहेत. चाचींनी खुर्ची मागे सारली आहे. फोन फळीवरच आहे. तो न घेता त्या जिना चढत आहेत.