हवेत आवळलेले बोल्ट

आधीच सांगून टाकते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. ओइवाच्या गाडीचे बोल्ट मी आवळले तेव्हा तिची चारही चाकं हवेत लोंबकळत होती. आणि असं कधीही करायचं नसतं, हे मला ओइवानेच शिकवलं होतं.

तीस वर्षांपूर्वी आमच्या गावात पोरीला गॅरेजात कोण घेणार होतं? त्याने घेतलं. पहिल्याच आठवड्यात खेकसला, "रित्वा, चाकं लोंबकळताना त्यांच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट आवळलेस तर आतलं रबर वाकडंच धरलं जातं. गाडी खाली आली की ते पिळवटतं, आणि प्रत्येक दणका थेट माणसाच्या कण्यात जातो. आधी गाडी तिच्या पायांवर उभी कर. रोज जेवढी माणसं बसतात तेवढं वजन आत ठेव. मग आवळ." पुढे थकल्यावर गॅरेजही त्याने माझ्याच हवाली केलं.

यंदा मे महिन्यात त्याची बायको हिल्का गाडी घेऊन आली. ओइवाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"शुक्रवारी इस्पितळातून घरी आणायचंय त्याला," ती म्हणाली. "अँब्युलन्स नको म्हणतो. म्हणतो, रित्वाला सांग, गाडी मऊ करून दे. आणि घरी आला की एकदा तळ्यावर न्यायचंय. हिवाळाभर गोठलेला तिथला बर्फ फुटताना बघायचाय त्याला."

पन्नास वर्षांत त्याने बर्फ फुटणं एकदाही चुकवलं नव्हतं. त्याची तेवढी एकच इच्छा उरली होती, आणि मधे आमचा रस्ता होता. जमिनीतलं गोठलेलं पाणी सुटायला लागलं की हा रस्ता कुठे फुगतो, कुठे खचतो. धडधाकट माणसाचे दात वाजतात, तिथे त्याचं काय होणार?

मी नवे शॉकअप बसवले, नव्या स्प्रिंगा घातल्या, सगळे बुश बदलले. राहिलं शेवटचं आवळणं. त्यासाठी गाडी लिफ्टवरून उतरवून गॅरेजाच्या जमिनीतल्या खड्ड्यावर चाकांवर उभी करायची आणि आपण खड्ड्यात उतरून खालून आवळायचं. खड्ड्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी कंबरभर साचलेलं. बाहेर हिवाळी टायर उतरवायला अख्खं गाव रांगेत.

"काय रित्वा, यंदा होईल की एकदम पुढच्या हिवाळ्यात येऊ?" एकाने टोमणा मारला.

"घाई असेल तर दाताने काढ टायर!" मी ओरडले. डोकं तापलेलंच होतं. पंप मागून आणायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. एवढ्याने काय होतंय, म्हटलं, आणि तिथेच, हवेतच, पाना फिरवला.

शुक्रवारी गाडी मीच चालवली. मागच्या सीटवर उशा रचून ओइवाला आडवं केलं होतं. हिल्काने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एके काळी हा माणूस गिअरबॉक्स छातीवर पेलायचा. आता नुसती हाडं राहिली होती. पहिल्या उंचवट्यावर त्याने दात आवळले. दुसऱ्याला त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. मी वेग कमी केला, आणखी कमी केला. काही उपयोग नव्हता. गाडी लाकडासारखी ताठ झाली होती.

रेल्वे फाटक ओलांडल्यावर तो हळूच म्हणाला, "रित्वा, खड्ड्यात पाणी भरलंय का गं यंदा?"

त्याने बरोबर ओळखलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"हं." बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अजून ऐंशी किलोमीटर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंप आणला, खड्डा कोरडा केला आणि रांगेतल्या सगळ्यांना घरी हाकललं. सगळे बोल्ट सैल केले. हिल्काला फोन केला, "त्याचं वजन किती आहे आता?"

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

हिवाळ्यात गाडी घसरू नये म्हणून डिकीत टाकतो त्या वाळूच्या पिशव्या काढल्या. एकोणपन्नास किलो तोलून मागच्या सीटवर ठेवल्या, सरकू नयेत म्हणून पट्टा लावला. या वेळी मागची अख्खी सीट त्याला द्यायची होती, म्हणून पुढच्या सीटवर माझ्या आणि हिल्काच्या वजनाच्या ठेवल्या. मग खड्ड्यात उतरून, तो सांगायचा तसा, एकेक बोल्ट आवळला.

सोमवारी पुढच्या पिशव्या उतरवल्या, मागच्या त्याला बसवतानाच काढायच्या ठरवल्या, आणि गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली. "चल, तळ्यावर. बर्फ काळा पडलाय, आज-उद्या फुटेल. आता नीट केलंय मी, ओइवा. शपथ घेते."

"माहीत आहे मला, तू नीटच केलं असशील," तो म्हणाला. माझा हात धरला होता त्याने. "पण नको पोरी. मला आता गाडीत बसायची भीती वाटते."

बुधवारी बर्फ फुटला. त्याचा कडकडाट गावापर्यंत ऐकू आला, म्हणजे त्यालाही आला असेल. शुक्रवारी ओइवा गेला.

त्याला पुरून आल्यावर पुढच्या आठवड्यात हिल्का म्हणाली, तळ्यावर जाऊ या. गाडी तीच. मागच्या पिशव्या काढायचं मला धाडस झालं नव्हतं, आणि तिनेही काढ म्हटलं नाही. ती शेजारी बसली, मी चालवत होते. उंचवटे आले, खचलेला भाग आला आणि गेला.

"अगं रित्वा," हिल्का म्हणाली, "काहीच लागलं नाही." आणि तिने तोंडावर हात धरला.

मी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. पट्ट्यातल्या पिशव्या ठेवल्या तशाच होत्या, तसूभरही हलल्या नव्हत्या.