शून्यावर न वाजलेला भोंगा

मित्रांनो, मी एक भोंगा आहे. जुना, पितळेचा आणि तोंडाळ. तोंडाळ होतो म्हणा. आता मी टॉरसन कॉलेजच्या मैदानामागे, अवजारांच्या खोलीत, गुंडाळून ठेवलेल्या गोलाच्या जाळ्यांशेजारी पडून असतो. जाळ्यांना अजून गवताचा वास येतो. खिडकीतून सुपीरियर सरोवराचा करडा पट्टा दिसतो, आणि दिवसभर डोळा लागल्यासारखं वाटतं, पण लागत नाही. अशा गुंगीत जुन्या गोष्टी आपसूक समोर येऊन बसतात. त्यांतली एक सांगतो. माझीच आहे, तेव्हा मध्येच बढाई मारली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अमेरिकेतल्या डलुथ शहरातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून मी थेट एका फेरीबोटीच्या छपरावर गेलो. ती बोट सरोवरातल्या बेटांवर माणसं, टपाल आणि कधीमधी एखादी गाय न्यायची. धुकं पडलं की माझं काम सुरू व्हायचं. "मी इथे आहे, सांभाळा," असं मी ओरडायचो, आणि धुक्याच्या पोटातून दुसऱ्या एखाद्या बोटीचा भोंगा ओ द्यायचा. तो कसा दिसतो ते मला कधीच कळलं नाही. आवाजाची ओळख तेवढी होती, आणि तेवढी पुरत असे.

बोट मोडीत निघाली, तेव्हा तिच्या कप्तानाने मला आपल्या कॉलेजला देऊन टाकलं. फुटबॉलच्या मैदानाकाठी, गुणांची नोंद करणाऱ्या टेबलाशेजारी मला एका खांबावर बसवलं आणि पायाशी हवेची लोखंडी टाकी ठेवली. बटण दाबलं की टाकीतली हवा नळीतून वर यायची आणि मी बोलायचो. पहिल्यांदा बोललो तेव्हा पलीकडच्या तळ्यावरची सगळी बदकं उडाली, आणि पाहुण्या संघाचा गोलरक्षक चक्क खाली बसला. अख्खं गाव माझं कौतुक करू लागलं.

इथली एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. बाकीच्या जगात फुटबॉलचं घड्याळ पुढे पुढे जातं, आणि सामना कधी संपला ते पंच शिट्टी फुंकून सांगतो. अमेरिकेतल्या कॉलेजांत घड्याळ उलटं चालतं. ते कमी कमी होत शून्यावर येतं आणि भोंगा वाजतो. वाजला की संपलं. त्यानंतर चेंडू गोलात गेला तरी तो गेला नाही असं धरायचं. खेळाडू बदलायचा असला तरी मीच, मध्यांतर झालं तरी मीच. इथली पोरं लहानपणापासून इतकी सरावलेली, की भोंगा ऐकला की धावता पाय हवेतच थांबायचा.

माझी देखभाल ऑर्व्हिल नावाचा मैदानाचा माळी करायचा. हवा दाबून भरली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतो. ऑर्व्हिल रोज संध्याकाळी तळाचं बूच उघडायचा, पाणी सोडून द्यायचा आणि मग फडक्याने माझं तोंड पुसायचा. वर म्हणायचा, "घसा सांभाळ बाबा, उद्या तुलाच ओरडायचंय." तो निवृत्त झाला, फ्लोरिडाला मुलीकडे राहायला गेला, आणि ते बूच पुढे कोणी उघडलंच नाही. नवा माळी वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फडकं गेलं, पाणी साचत गेलं, आणि हिवाळ्यात माझा घसा बसू लागला.

बटणावर डोरीनबाई बसायच्या. गणित विभागाच्या कार्यालयात नोकरी, गुडघा दुखरा, स्वभाव कडक. त्यांच्या बहिणीचा मुलगा लायल ऑस्टबी शिकायला त्यांच्याकडेच राहिला होता. तो संघात बचावफळीत खेळायचा. उंच, हडकुळा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सगळी वर्षं त्याने गोल अडवले, केला मात्र एकही नाही. सोबतचे टिंगल करायचे, "लायल, तो पलीकडे जाळीवाला सांगाडा दिसतोय ना, तोही आपल्याच खेळातला आहे बरं." लायल हसायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा.

आता ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. पदवी मिळाली की वडिलांच्या गोठ्यावर परत जायचं, हे ठरलेलं होतं. गाईंना सुट्टी नसते, तेव्हा फुटबॉल कुठला. हंगाम संपल्यावर आमच्या कॉन्फरन्समधली, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटातली, पहिली चार कॉलेजं एकमेकांशी बाद फेरी खेळतात. जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो, हरणाऱ्यांचा हंगाम तिथेच संपतो. शेवटच्या वर्षाच्या पोरांचा तर खेळच संपतो. उपांत्य सामना टॉरसनने कसाबसा जिंकला. अंतिम सामन्याच्या सकाळी लायल टेबलापाशी बूट बांधत बसला होता.

"अजून एकच मॅच हवी मला, मावशी," तो म्हणाला. "राष्ट्रीय बिष्ट्रीय जाऊ दे. अजून एकदा खेळायला मिळावं, बस."

"मग आज जिंका की," डोरीनबाई म्हणाल्या, आणि त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर ओढून घट्ट केला.

दुपारी सरोवरावरून धुकं आलं. आधी झाडं गेली, मग गुणफलक गेला, मग पलीकडचा गोल. थंडी अशी की प्रेक्षकांच्या हातातला कोको ओठांना लावेपर्यंत निवत होता. आमच्याशी खेळायला हॅलम कॉलेजचा संघ आला होता. पांढऱ्या पोशाखातली त्यांची पोरं धुक्यात विरघळायची आणि भलतीकडूनच उगवायची. खरं सांगतो, मला क्षणभर वाटलं, मी पुन्हा बोटीवर आहे आणि आता पलीकडून कोणीतरी ओ देणार. इतकं सुंदर होतं ते. मी जरा हरवूनच गेलो.

पण घसा भलताच सांगत होता. खेळाडू बदलताना वाजलो तो घोगरा वाजलो. मध्यांतराला खोकल्यासारखा वाजलो. हवा जोराने सुटली की नळी आणखी गार पडते, आणि तिच्यात ते साचलेलं पाणी होतंच. डोरीनबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, नव्या माळ्याला हाकही मारली. तो आला, त्याने मला एक थाप मारली आणि म्हणाला, म्हाताऱ्याला सर्दी झालीय.

हॅलमने एक गोल केला. टॉरसनला काही जमेना. शेवटी शेवटी प्रशिक्षकांनी सगळ्यांनाच पुढे जायला सांगितलं, लायललासुद्धा. एरवी शेवटचे दहा सेकंद ध्वनिक्षेपकावर मोठ्याने मोजायची पद्धत आहे, पण मोजणारे प्राध्यापक गुणफलकाकडे पाहून मोजायचे आणि फलकच दिसेना, तेव्हा तेही गप्प झाले. घड्याळ दिसत होतं ते एकट्या डोरीनबाईंना, टेबलावरच्या लहानशा डबीत. आकडे सरत गेले. शून्य आलं. त्यांनी बटण दाबलं.

हवा निघाली, नळीतून वर आली आणि बर्फाच्या खड्यावर अडली. मी जीव खाऊन ओरडायला गेलो आणि तोंडातून ब्रसुद्धा निघाला नाही. डोरीनबाईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मैदानावर कोणालाच काही कळलं नाही, आणि पोरं खेळत राहिली. मित्रांनो, ते दृश्य मी अजून पाहतो. संपलेल्या वेळेतली ती पोरं. कोणाचा पाय थांबला नाही, कोणी मान खाली घातली नाही. उजवीकडून एक चेंडू उंच उडाला, धुक्यात दिसेनासा झाला, आणि खाली आला तो नेमका लायलच्या कपाळावर. पुढच्या क्षणी जाळी हलली.

गोल केल्यावर काय करतात हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. तो दोन्ही हात वर करून तसाच उभा राहिला. मग बाकीचे त्याच्यावर पडले आणि त्या ढिगात तो दिसेनासा झाला. पंचांनी हात मैदानाच्या मध्याकडे केला. गोल मान्य, बरोबरी, जादा वेळ. लोकांनी नुसता कल्ला केला. आणि टेबलाशी डोरीनबाई उभ्या राहिल्या.

त्यांचा चेहरा पाहून पंच धावत आले. घड्याळावर शून्य होतं, पण ते गोलाआधी आलं की नंतर, हे एकट्या डोरीनबाईंना माहीत होतं. आणि मला.

"बाई, भोंगा तर झाला नाही," पंच म्हणाले. "वेळ उरली होती का?"

एक 'हो' पुरला असता. लायलला जादा वेळ मिळाला असता, कदाचित तो एक सामनाही मिळाला असता. मला बोलता येत असतं तर मी सरळ खोटं बोललो असतो, माझं काय जातं. डोरीनबाईंचं बोट अजून बटणावर होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "वेळ आधीच संपली होती. मी दाबलं, पण हा वाजला नाही."

प्रशिक्षक दबक्या आवाजात म्हणाले, "डोरीन, अगं तुझाच पोरगा आहे तो."

"म्हणून तर जीभ रेटत नव्हती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटणावरचं बोट काढलं.

गोल रद्द झाला, सामना हॅलमने जिंकला. लायल टेबलापाशी आला. कपाळावर चिखल तसाच होता. त्याने त्यांना एवढंच विचारलं, की मला किती उशीर झाला. घोटभर पाणी प्यावं, तेवढा, असं त्यांनी सांगितलं. तो मान हलवून निघून गेला.

त्यानंतर घरात दोघांचं बोलणं आटलं. हे मला डोरीनबाईंनीच सांगितलं, माझ्यावर ताडपत्री घालायला आल्या तेव्हा. माणसं भोंग्याशी मोकळेपणी बोलतात, कारण तो मध्ये तोंड घालत नाही. लायल रागावला नव्हता म्हणे. पण तो नीट जेवेना, झोपेत पाय झाडी. एकदा विचारलं तर म्हणाला, "मी अजून पळतोच आहे गं. मला कोणी थांब म्हटलंच नाही."

त्या बाईंनी काय करावं? त्यांनी फ्लोरिडाला ऑर्व्हिलला फोन लावला आणि माझा घसा कसा मोकळा करायचा ते विचारून घेतलं. मग एका ढगाळ दुपारी दोघं मैदानावर आली. लायलच्या हातात पाना होता, डोरीनबाईंकडे गरम पाण्याचा थर्मास. लायलने टाकीच्या तळाचं बूच उघडलं आणि तांबडं, गंजलेलं पाणी भसाभसा बाहेर आलं. येतच राहिलं. त्याचे बूट भिजले तरी तो हलला नाही. मग त्याने माझ्या नळीवर हळूहळू गरम पाणी ओतलं आणि स्वतःच्या मफलरने माझं तोंड पुसलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी पुसत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

लायल एकटाच मैदानात गेला. संघाचा पोशाख नाही, साधी विजार आणि जाड कोट. गोलासमोर, जिथे त्याने उडी घेतली होती तिथे, तो उभा राहिला. जाळी काढून नेलेली होती, रिकाम्या खांबांतून सरोवर दिसत होतं. बर्फाचे पहिले कण उतरत होते. मग त्याने हात वर केला.

डोरीनबाईंनी बटण दाबलं, आणि मी बोललो. काय आवाज होता म्हणून सांगू! बोटीवरसुद्धा मी कधी असा वाजलो नव्हतो. मैदानावरून गेला, पाण्यावरून गेला, पार धुरकट क्षितिजापर्यंत गेला. लायलचा वर केलेला हात खाली आला. तो गवतावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. डोरीनबाई दुखरा गुडघा ओढत त्याच्याजवळ पोहोचल्या, तेव्हा त्याने डोळे पुसले.

"झालं, मावशी," तो म्हणाला. "चल, भूक लागलीय."

पुढच्या हंगामात माझ्या जागी प्लास्टिकची एक डबी आली, तिला टाकी नको आणि माळी नको. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्याकडेही कुठे एखादा जुना भोंगा असेल, घंटा असेल, दारावरची कडी असेल. अधूनमधून तिचं पाणी काढा, तिचं तोंड पुसा. आम्ही वेळेवर 'संपलं' म्हटलं नाही, तर तुमच्यातला एखादा भला माणूस बिचारा पळतच राहतो.